हमीदानं काढलेला काना

हमीदा गेल्याची बातमी आली ती माझ्या नवऱ्याच्या फोनवर. मैत्रीण माझी. कायद्याच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी एका बाकावर बसलो त्या आम्ही दोघी, आणि विलासरावांची न् तिची ओळख करून दिली तीही मीच. तरी तिच्या पुतणीनं, शबानानं, सकाळी फोन लावला तो त्यांना. मी भाकरी थापत होते. "हमीदा गेली... झोपेतच," स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं सांगू? रडू नाही आलं. 'मला का नाही केला फोन?' हे आलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला तेव्हा भानावर आले.

शिवाजी पेठेतल्या तिच्या घरी पोचलो तर गल्ली भरून गेलेली. तालमीची पोरं, वकील, गारगोटीकडून पहाटेच्या एस.टी.नं आलेली माणसं... मी आत बायकांत तिच्या उशाशी बसले. चेहरा शांत होता, म्हणजे अजिबात तिच्यासारखा नव्हता. मग पुरुषांनी जनाजा उचलला. बायका कब्रस्तानात जात नाहीत, तेव्हा मी आतच राहिले. विलासरावांचा गुडघा इतका दुखतो की ते घरचा जिनासुद्धा कठड्याला धरून चढतात. पण त्या दिवशी त्यांनी खांदा दिला, पार कब्रस्तानापर्यंत चालत गेले, मूठमाती देऊन आले. परतल्यावर नळाखाली हात धूत होते आणि नखांतली माती निघता निघत नव्हती. मी बघत उभी होते. तेवढीसुद्धा माती माझ्या वाट्याला आली नाही.

आता महिना उलटून गेला. "आपल्या पुरवणीत तिच्यावर लिही की काही," असं विलासरावच म्हणाले. ते इथं कोल्हापुरात एक चार पानी सायंदैनिक चालवतात. रविवारी त्याला पुरवणी असते. लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, मेलेलं माणूस एका रात्रीत देव होतं, तसलं लेखन मला जमणार नाही. तिलाही ते खपलं नसतं. मला हमीदाचा हेवा वाटत होता. ती होती तोवर वाटत होता आणि ती गेल्यावर तो विझेल असं वाटलं होतं, तसंही काही झालेलं नाही.

तिचे वडील पुस्तकबांधणी करायचे. सरकारी कचेऱ्यांची जाडजूड दप्तरं त्यांच्याकडं बांधायला येत, आणि लहानपणी शाळेतून आली की हमीदा खळ लावायला बसे. ती म्हणायची, "मी बाराखडी शिकलो ती दप्तराच्या पाठीवरची नावं वाचून." हो, 'शिकलो'च. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मीही कागलची, माझ्याही तोंडात तेच होतं. पण वकिली करायची तर भाषा सुधारली पाहिजे, म्हणून मी कॉलेजच्या आरशासमोर उभं राहून 'जाते, येते, सांगते' घोटलं. हमीदानं काही घोटलं नाही. एकदा कोर्टात युक्तिवाद करताना न्यायाधीश हसून म्हणाले, "वकीलबाई, 'सांगतो' नव्हे, 'सांगते'." तर ही म्हणते, "साहेब, आमच्यात बायका बी सांगतोच म्हणत्यात. मुद्दा त्योच ऱ्हातोय." सगळं कोर्ट हसलं, आणि अर्ज मंजूर झाला. मी मागच्या बाकावर माझ्या शुद्ध भाषेसकट बसून होते.

सनद मिळाल्यावर मी बँकांची कामं धरली. चांगली चालली, खोटं कशाला बोलू? ऑफिस झालं, हाताखाली ज्युनिअर आले. हमीदानं वडिलांच्या बांधणीच्या खोलीतच टेबल टाकलं. खळीचा वास तिथून कधी गेलाच नाही. तिच्याकडं दोन प्रकारची माणसं येत. एक म्हणजे छोट्या वर्तमानपत्रांची पोरं, ज्यांना बातमी छापल्याबद्दल बदनामीची नोटीस आलेली असे किंवा येईल अशी भीती असे. आणि दुसरी, सरकारी कागद बघायला मिळावा म्हणून अर्ज करणारी साधी माणसं. "यात तुला मिळतं तरी काय?" असं मी विचारलं होतं. "करमतंय की," ती म्हणाली. माझ्या ऑफिसात मला सगळं मिळत होतं, पण करमत होतं का, हे मात्र कोणी मला विचारलं नाही.

विलासरावांनी लग्नानंतर दोन वर्षांनी दैनिक काढलं. घरात वकील बायको होती. तरी रोज दुपारी उद्योग काय, तर पानं गुंडाळायची, काखेत मारायची आणि हमीदाच्या खोलीवर जायचं! तिनं वाचल्याशिवाय पान छपाईला जायचं नाही. तिची वाचायची रीत निराळीच होती. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे तो माणूस सकाळी चहा पिता पिता हे पान कसं वाचेल, तसं ती मोठ्यानं वाचायची. बातमी ठेकेदाराची असेल तर ठेकेदाराच्या घोगऱ्या आवाजात, साहेबाची असेल तर नाकात बोलत. झोंबणाऱ्या ओळीशी मध्येच थांबायची. "हितं त्यो कप खाली ठिवतोय बघा, संपादक." मग तिचे दोन प्रश्न ठरलेले. "खरं हाय का?" आणि "कागद हाय का?" दोन्हींना हो म्हटलं तर, "मग ऱ्हाऊ दे की." एकाला जरी माणूस अडखळला, तर ब्लेड बाहेर निघायचं. त्या काळी पान बटर पेपरवर निघे आणि नको असलेलं अक्षर ब्लेडनं खरवडून काढत. वडिलांच्या सवयीनं ती दाढीचं ब्लेड मोडून अर्धंच वापरायची आणि कागदाच्या घडीत जपून ठेवायची. ती त्यांना 'संपादक' म्हणे, ते तिला नावानं 'हमीदा' म्हणत. मला आमचे विलासराव आजतागायत 'ऐकलंस का' अशीच हाक मारतात.

एकदा ती आजारी होती, म्हणून पान माझ्याकडं आलं. मी किती मन लावून वाचलं म्हणून सांगू! प्रत्येक धोका हेरला. अमुक वाक्य काढा, तमुक नाव काढा, ही बातमी उद्यावर टाका... विलासरावांनी पान हातात धरून बघितलं आणि म्हणाले, "तू वाचलंस की पान कोरं निघतंय गं." ते हसत म्हणाले होते. मला नाही हसू आलं. नोटीस ऑफिसच्या पत्त्यावर येते, पण जामीन, तारखा, माणसांचे फोन हे सगळं घरात येतं आणि घरात मी असते. हमीदा शब्द वाचायची, मी पुढची चार वर्षं वाचायचे. कायद्यानं बघाल तर मीच बरोबर होते, हे मी आजही म्हणेन. पण त्यानंतर पान पुन्हा माझ्याकडं आलं नाही.

आणि मग ते ढपल्याचं प्रकरण झालं. एका तालुक्याच्या गावी सरकारी निधीतून सभागृह बांधलं होतं. उद्घाटनाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. विलासरावांच्या बातमीदारानं मथळा दिला, 'नव्या सभागृहात ढपला पाडला!' कोल्हापुरात ढपला पाडणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मधल्यामध्ये पैशांवर हात मारणं. मथळा ऐकून मी हातातलं काम टाकलं. "थेट आरोप आहे हा. बातमी मागं घ्या," मी म्हटलं. विलासराव पान घेऊन उठले. या खेपेला मीही पाठोपाठ गेले. म्हटलं, बघू तरी ही बाई काय दिवे लावते.

हमीदानं सभागृह बांधून घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या थाटात मथळा वाचला आणि तिथंच थांबली. "कप फुटला की ह्यो," म्हणाली. मग बातमीदाराकडं वळली. "का रं, छताचा गिलावा पडलाय म्हणतोस, त्यो पडलेला ढपला कुठाय?" त्या बिचाऱ्याला काही उमगेना. ती म्हणाली, "बातमी उद्या. जा आणि ढपला घिऊन ये. फोटो बी काढ." दुसऱ्या दिवशी त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून गिलाव्याचा खराखुरा ढपला, म्हणजे तुकडा, आणला. कामाच्या मोजमाप-पुस्तकाची नक्कल हमीदानं माहितीच्या अधिकारात अर्ज करून आधीच मिळवून ठेवली होती. कागदावर गिलावा बोटभर जाड होता, हातातला तुकडा जाडसर पापडासारखा. मग तिनं घडीतून अर्धं ब्लेड काढलं, पान उजेडात धरलं आणि 'पाडला'मधला काना खरवडून टाकला. एवढंच! संध्याकाळी पेपर निघाला. 'नव्या सभागृहात ढपला पडला!' वर खुर्चीवर पडलेल्या गिलाव्याचा फोटो, खाली मोजमाप-पुस्तकातली जाडी आणि तुकड्याची जाडी शेजारी शेजारी. कुणाचं नाव नाही, कसला आरोप नाही.

अध्यक्षांच्या वकिलाची नोटीस आली ती आलीच. आमच्या अशिलांनी ढपला पाडल्याचं छापून तुम्ही त्यांची बदनामी केली, वगैरे. तिला हमीदानं दिलेलं उत्तर पुढं कित्येक वर्षं बाररूममध्ये तोंडपाठ म्हणत. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या अशिलांनी ढपला पडला असे छापले आहे, व तो पडलेला आहे. आपल्या अशिलांना तो पाडला असे का वाचावेसे वाटले, याचा खुलासा तेच करू शकतील.' पुढं पत्र आलं नाही. मात्र गावानं वाचायचं तसंच वाचलं होतं. चहाच्या गाड्यावर माणसं एकमेकांना टाळी देत म्हणायची, "ढपला पडला म्हणं पावणं!" मीही हसले. हसता हसता मनात म्हटलं, हा काना मला का दिसला नाही? माझी भाषा तर शुद्ध होती.

शनिवारी तिच्या खोलीवर अर्ज लिहून घ्यायला माणसं येत. एका शनिवारी मी तिथं सहज गेलते... पाहिलंत, तिच्याबद्दल लिहायला लागलं की माझंही मराठी घसरतं. गेले होते. तर गारगोटीकडचे एक आजोबा आले होते. गावातला दवाखाना कायम बंद, म्हणून त्यांनी तीन पानी अर्ज स्वतः लिहून आणला होता. दवाखाना का बंद असतो? डॉक्टर का येत नाहीत? आमच्याच गावाच्या नशिबी हे का? हमीदानं तो नीट वाचला आणि एकेक 'का' खोडायला लागली. आजोबा चिडले. "अवो बाई, त्योच तर माझा सवाल हाय!" ती म्हणाली, "आजोबा, सरकारला का इचारायचं न्हाय. सरकारकडं कारण नसतंय, कागद असतोय. हजेरीपत्रकाची नक्कल मागा. कोण कवा आलतं, कोण न्हाय, ते त्यावर दिसंल. मग का ते तुमचं तुमालाच कळंल." तीन पानांचं चार ओळींवर आलं. काही महिन्यांनी तेच आजोबा तिच्यासाठी गुळाची ढेप घेऊन आले. दवाखाना आठवड्यातून थोडे दिवस का होईना, उघडायला लागला होता. त्या ढेपेचा अर्धा भाग तिनं माझ्याकडं पाठवला. मी महिनाभर तिला हात लावला नाही. शेवटी मुंग्या लागल्या तेव्हा चहात घातला. गूळ फार चांगला होता, तेही मला लागलंच.

तिच्यात खोट नव्हती असं कुणी समजू नये. कधी वेळेवर आली नाही. दुसऱ्याचा डबा विचारल्याशिवाय उघडायची. कोर्टात इतकी मोठ्यानं बोलायची की शेजारच्या कोर्टातलं कामकाज थांबायचं. गुपित तिच्या पोटात राहायचं, पण राग राहायचा नाही, आणि तो कुणासमोर काढावा याचा पोच नव्हता. माझ्या ज्युनिअरांदेखत मला म्हणाली होती, "कागलकरणी, तुझ्या ऑफिसात आलं की चप्पल काढावी का पाय पुसावं, काय कळत न्हाय बघ." माझे ज्युनिअर हसले. त्यातली एक पोरगी पुढल्याच महिन्यात माझं ऑफिस सोडून तिच्या खळीच्या वासात जाऊन बसली.

तिची न् माझी शेवटची नीट भेट झाली ती ती जाण्याच्या थोडे दिवस आधी, आमच्याच घरी. विलासराव बाहेर गेलेले. आम्ही दोघी कॉफी घेत होतो. आता पानं संगणकावर लागतात, ब्लेडचं काम संपलं, तरी विलासराव रोज कागदावर प्रिंट काढून तिच्याकडं न्यायचेच. त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. "हमीदा, एक सांग. ते पान तुझ्याकडंच का आणतात? मी वकील नाही का? मला का नाही देत?"

ती मोठ्यानं हसेल, चिडवेल, असं मला वाटलं होतं. तिनं कप खाली ठेवला. अगदी तिच्या वाचनातल्या माणसांसारखा. मग म्हणाली, "का इचारू नको गं. का इचारलं की माणूस उत्तर तयार करतोय. कागद माग की सरळ."

"मी मागायचा? माझ्या नवऱ्याकडं?"

"मग काय मी मागू तुझ्यासाठी? अर्ज करू?" आणि आता मात्र ती हसली. पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. मला इतका राग आला की तिला दारापर्यंत सोडायलाही मी उठले नाही. जाताना जिन्यावरून ओरडली, "कॉफीत साखर कमी हुती!"

मी कागद मागितला नाही. मागून घेण्यात काय अर्थ? द्यायचं असेल तर माणूस आपणहून देतो, असं मला वाटत आलेलं आहे.

इथवर लेख लिहून दिला होता आणि पान लागलंही. हा पुढचा मजकूर आज जोडते आहे, कारण काल दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. हमीदाचं ते अर्धं ब्लेड शबानानं चाळिसाव्याच्या दिवशी विलासरावांना दिलं. त्यांनाच, अर्थात. ती गेल्यापासून ते पानाची प्रिंट घरी आणतात, जेवणाच्या टेबलावर पसरतात आणि एकटेच मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करतात. हल्ली ब्लेडची घडीही शेजारी ठेवतात. वाचताना आवाज लागत नाही, दोन ओळींत थांबतात. मी ओट्याशी उभी. मला आता तरी विचारतील, उद्या विचारतील... काल टेबलावर या लेखाचंच पान होतं. ते चष्मा पुसत नुसते त्याच्याकडं बघत बसले होते. 'मला का देत नाही' हे माझ्या ओठावर आलं. मी ते गिळलं.

"आणा हिकडं त्यो कागद," मी म्हणाले. "मी वाचतो."

वाचतो! आरशासमोर घोटून घालवलेला शब्द इतक्या वर्षांनी तोंडातून आला आणि माझी मीच दचकले. विलासरावांनी पान माझ्याकडं सरकवलं. जणू मी मागायचीच खोटी होती.

बातमी ज्याची, त्याच्या आवाजात वाचायची, ही तिची रीत. हे पान तिच्याबद्दल होतं, म्हणजे तिच्याच आवाजात वाचणं आलं. मी सुरुवात केली. आधी लाज वाटली, मग जमत गेलं. हेल जमला, मोठा आवाज जमला. विलासराव डोळे मिटून ऐकत होते, आणि ते कुणाला ऐकत होते हे मला नीट कळत होतं. पान माझ्या हातात होतं, आवाज तिचा होता. त्याचाही हेवा वाटला. 'मला हमीदाचा हेवा वाटत होता' या ओळीशी आले आणि थांबले.

"का थांबलीस?" ते म्हणाले.

"हितं तिनं कप खाली ठिवला असता."

त्यांनी डोळे उघडले. मी घडीतून ब्लेड काढून हातात घेतलं. संगणकाच्या प्रिंटवर ब्लेडचा काय उपयोग? पण घेतलं.

"खरं हाय का?" मी तिच्याच आवाजात विचारलं.

"हाय की," विलासराव म्हणाले. "मला पहिल्यापासनं ठाव हाय. तिला बी ठाव हुतं."

मग तिचा दुसरा प्रश्न. "कागद हाय का?"

त्यांनी पानावर बोट ठेवलं, बरोब्बर त्या ओळीवर.

"मग ऱ्हाऊ दे की," मी म्हणाले, आणि ब्लेड घडीत ठेवून दिलं.